अपुरे उत्तर

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी एक साधा प्रयोग मांडला होता. हेअर ड्रायरच्या झोतावर पिंगपाँगचा चेंडू तरंगत ठेवायचा. झोत थोडा तिरका केला तरी चेंडू पडत नाही. शेजारी मी ठळक अक्षरांत पाटी लावली होती : 'वेगवान हवेचा दाब कमी असतो, म्हणून चेंडू झोतातच राहतो.'

घरी कन्नड बोलणाऱ्या आठवीतल्या एका मुलाने चेंडूच्या पलीकडे तळहात धरला आणि म्हणाला, "सर, इथं गाळी खाली वळतीय. का?" रांग मोठी होती. "पाटी वाच," असे म्हणून मी त्याला पुढे पाठवले.

रात्री घरी तसाच हात धरून पाहिला. मुलाचे बरोबर होते. तिरक्या झोतात चेंडू किंचित खाली उतरतो; हवा त्याच्या वरच्या अंगाला बिलगून जाते आणि खाली वळते. चेंडू हवेला खाली वळवतो, म्हणून हवा चेंडूला वर धरते. न्यूटनचा तिसरा नियम मी वर्षानुवर्षे शिकवला, पण माझ्या पाटीवर तो नव्हता.

सोपे करून सांगताना सत्य किती सोडावे, हा प्रश्न विज्ञान संग्रहालयात रोजचाच. शास्त्रज्ञ म्हणतो, एवढेच सांगितले तर दिशाभूल होईल. संग्रहालयाचा माणूस म्हणतो, चार ओळींपुढे कोणी वाचत नाही. दोघांचेही खरे आहे. आपल्या भागात हा पेच घरोघरी असतो. कचेरीचा कन्नड कागद आजीला मराठीत सांगताना आपण शब्द गाळतो. अर्थ बदलण्याचा अधिकार मात्र आपल्याला नसतो.

या पेचावर फ्रँक ओपनहायमर यांनी वाट काढली, ती मला मोलाची वाटते. अणुबाँब प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट यांचे हे धाकटे बंधू, स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. एकेकाळच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वामुळे १९४९ साली त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली, तिथल्याच गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवले. १९६९ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' उघडले. तिथे शास्त्रज्ञ, कलावंत आणि कारागीर एकत्र बसून प्रयोग बनवत. कार्यशाळा प्रेक्षकांच्या नजरेसमोर असे. प्रयोग लोकांपुढे ठेवायचा, लोक काय करतात ते पाहायचे आणि पुन्हा दुरुस्त करायचा. दालनात मदतीला हायस्कूलची मुले उभी असत.

तिथे शास्त्रज्ञाचे ज्ञानही पोराच्या हाताने तपासले जाई, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. यातून मला एवढे कळले की अपुरे सांगणे हा दोष नव्हे. आठवीच्या मुलाला सगळे सांगता येतच नाही. अपुरे उत्तर पूर्ण म्हणून सांगणे आणि त्याच्या आड प्रश्न दडपणे, हा दोष. पहिल्यात मर्यादा आहे, दुसऱ्यात अप्रामाणिकपणा.

दुसऱ्या दिवशी मी पाटी बदलली : 'चेंडूच्या पलीकडे हात धरून पाहा. हवा कुठे जाते?' उत्तर लिहिले नाही. त्या मुलाला प्रयोगाशेजारी उभे केले. येणाऱ्यांना तो दोन्ही भाषांत समजावत होता.

माझी चूक त्याच्यापाशी बोलून दाखवायला मात्र मला आणखी आठवडा लागला.