जखम भरल्यावर राहिलेलें दुखणें

शस्त्रक्रिया झाली, टांके निघाले, व्रण भरला. तरी महिनोन् महिने त्या ठिकाणीं आग होते, मुंग्या येतात, सभोंवतालचे स्नायू आखडतात, असा अनुभव कित्येकांस येतो. अंतर्गळाची शस्त्रक्रिया झालेल्या हमालास जांघेंत कळ येते. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईस काखेंत व दंडांत. पोटासाठीं दोघेंही कामावर परत गेलेलीं असतात. बाहेरून कांहींच दिसत नाहीं, म्हणून शेजारी म्हणतात, "अंगचोर आहे", आणि मंडळींतील एखादा म्हणतो, "विश्वास कमी पडतो." येथें प्रश्न उत्पन्न होतो कीं, जें दुःख आपणांस दिसत नाहीं तें खरें मानावें काय? आणि ज्यास तें होतें त्यानें तें दाबून काम करावें, कीं काम सोडावें?

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हें दुखणें कल्पित नव्हे. शस्त्रक्रियेंत बारीक मज्जातंतु कापले अथवा ताणले जातात. तुटलेला तंतु पुन्हां वाढलाच तर दिवसास सुमारें 1 मिलिमीटर वाढतो. कधीं तो वेडावांकडा वाढून मेंदूकडे वेदनेची खोटी खबर धाडीत राहतो. अमेरिकेंतील यादवी युद्धांत (1861–1865) सायलस वेअर मिचेल ह्या वैद्यानें मज्जातंतूंस इजा झालेले शिपाई तपासले. जखम भरल्यावरही त्यांस भाजल्यासारखी आग होत असे, हें त्यानें 1872 सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालीं मान्य झालेल्या रोगवर्गीकरणांत, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस स्वतंत्र स्थान आहे.

मग अशा वेदनेचें ऐकावें कीं नाहीं? वेलोर येथील मिशन इस्पितळांतील डॉ. पॉल ब्रँड ह्यांनीं दाखविलें कीं, कुष्ठरोग्यांचीं बोटें आपोआप झडत नाहींत. दुखणें न समजल्यामुळें भाजून व कापून तीं नष्ट होतात. म्हणजे वेदना ही देवानें नेमलेली राखणदार होय. परंतु चोर निघून गेल्यावरही रात्रभर भुंकणारें कुत्रें असतें. हें दुखणें बहुधा तसें आहे. प्रत्येक भुंकण्यास भिऊन जो अंथरुणांतच पडून राहतो, त्याचे स्नायू अधिकच आखडतात. जो अभिमानानें पहिल्याच दिवशीं पूर्ण ओझें उचलतो, तो पुढील तीन दिवस घरीं बसतो. ह्यास्तव मापानें काम करावें हाच शहाणपणाचा मार्ग. एका मोठ्या भाऱ्याऐवजीं दोन लहान भारे न्यावे. एकाच बैठकींत तासन् तास राहूं नये. काम आठवड्या-आठवड्यानें थोडथोडें वाढवावें. डॉक्टरास पुन्हां भेटण्याची लाज धरूं नये. नेहमींच्या गोळ्या मज्जातंतूंच्या आगीवर फारशा लागू पडत नाहींत. तिच्यासाठीं निराळीं औषधें आहेत. सूज, ताप, पू किंवा हातापायांची शक्ति जाणें, हीं चिन्हें दिसल्यास मात्र तात्काळ जावें.

आतां विश्वासाविषयीं. पौलानें आपल्या देहांतील कांट्याविषयीं तीनदां विनंती केली. कांटा निघाला नाहीं, पण त्याचा विश्वास उणा आहे असें प्रभूनें त्यास म्हटलें नाहीं. थकलेल्या एलीयास देवानें आधीं झोंप व भाकर दिली, मग कामगिरी सांगितली. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याजवळ मुकाट्यानें बसले तोंवर त्यांचें वर्तन योग्य होतें. बोलूं लागले आणि चुकले.

कोणी म्हणेल, "सर्वांवरच भरंवसा ठेविला तर आळशी मनुष्य आम्हांस फसवील." फसवील खरा. परंतु एका लबाडाकडून फसलों तर थोडीशी मजुरी किंवा मदत वायां जाते; प्रामाणिक दुखणाइतास लबाड ठरविलें तर त्याचें मन मोडतें, आणि तो खरें सांगावयाचें सोडून देतो. ह्या दोहोंपैकीं पहिलाच तोटा ख्रिस्ती मनुष्यानें पत्करावा.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, अशाच्या घरीं गेल्यावर "आतां बरें आहे ना?" असें विचारूं नका, त्यास "होय" म्हणण्यावांचून गति राहत नाहीं. "आज कोणतें काम जड गेलें?" असें विचारा, आणि त्यांतील एखादें आपल्या हातीं घ्या. आणि दुखणें सोसणाऱ्या बंधुभगिनींनो, अर्धें काम प्रामाणिकपणें केलें असेल तर तें देवापुढें अर्धें गणलें जात नाहीं.