चाळिसाव्या मजल्यावरचा शेजार

आपल्या उमरखेडच्या कितीतरी घरांतली मुलं आज पुण्या-मुंबईत उंच इमारतींत राहतात. आई-बाबा हौसेनं जातात आणि चार दिवसांत परतीचं तिकीट काढायला सांगतात. तिथं बोलायला कुणी नसतं.

पूर्वी असं नव्हतं. मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक शौचालय. त्या हालांचे गोडवे कुणी गाऊ नयेत. ऑगस्ट २०२५मध्ये ५५६ कुटुंबांना तिथंच, चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. तो त्यांचा हक्कच होता. पण चाळीत खोल्यांच्या मधून लांब बोळ जायचा. दारात बसून लसूण सोलता सोलता कुणाला ताप आलाय, कुणाकडे पाहुणे आलेत, सगळं कळायचं. लिफ्टला तेवढी सवड नसते.

म्हणून इमारतीच्या नकाशात गाड्यांइतकीच माणसांनी बसायची जागा मागायला हवी. आणि मुलाकडे जाल तेव्हा डब्यात चार लाडू जास्त घ्या. शेजारची बेल वाजवा, लाडू द्या, नाव-गाव विचारा. मुलगा संकोचेल, पण तुम्ही विचाराच.