चुकलेल्या उत्तराला किंमत हवी

तामिळनाडूत दहावी-बारावीचे निकाल लागले की एक शब्द घरोघरी ऐकू येतो : 'सेंटम'. म्हणजे शंभरपैकी शंभर. कोणत्या विषयात किती जणांना सेंटम मिळाले, याचे आकडे वर्तमानपत्रे छापतात. गणितातल्या सेंटमचा मान त्यातही मोठा. राज्याने २००७ पासून अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा बंद केली आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरू लागले. महागड्या शिकवण्या न परवडणाऱ्या खेड्यातल्या मुलांना न्याय मिळावा, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण २०० गुणांच्या 'कट-ऑफ'मध्ये १०० गुण एकट्या गणिताचे, आणि उरलेल्या १०० मध्ये भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र. साहजिकच गणिताचा पेपर हाच प्रवेशाचा दरवाजा ठरला. अनेक शाळा अकरावी गुंडाळून दोन वर्षे बारावीचेच धडे घोटून घेऊ लागल्या. शेवटी २०१७-१८ मध्ये सरकारला अकरावीलाही सार्वजनिक परीक्षा लावावी लागली.

मुलांना गणित का आवडत नाही, याचे उत्तर चेन्नईत असे ठळक दिसते. महाराष्ट्रातले चित्र फार वेगळे नाही. फक्त शब्द वेगळे आहेत. विषय अवघड आहे म्हणून मुले पळतात, हे मला पटत नाही. बुद्धिबळही अवघड आहे आणि याच शहरातली मुले त्यावर तासन्तास बसतात. मुले घाबरतात ती गणिताच्या आडून होणाऱ्या निवाड्याला. हुशार कोण आणि 'ढ' कोण, हे ठरवण्याची चाळणी म्हणून आपण हा विषय वापरतो, आणि चाळणीतून खाली पडलेल्या मुलाने तिच्यावर प्रेम करावे अशी अपेक्षा धरतो.

हे निदान नवे नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी गणित अध्यापनाचा जो अभ्यासगट नेमला होता, त्याचे अध्यक्ष चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील प्रा. आर. रामानुजम होते. बहुसंख्य मुलांच्या मनात गणिताविषयी भीती आणि अपयशाची भावना आहे, हा त्या गटाचा पहिला निष्कर्ष. अभ्यासक्रम मागे राहिलेल्यांची निराशा करतो आणि हुशार मुलांचीही; मूल्यमापनामुळे गणित म्हणजे यांत्रिक आकडेमोड असा समज पक्का होतो; शिक्षकांना पुरेशी तयारी आणि आधार मिळत नाही, हे त्याचे पुढचे निष्कर्ष. मुलाच्या विचारालाच गणिती वळण लागावे, हे ध्येय त्या गटाने मांडले. दोन दशके उलटली, तरी आपल्या प्रश्नपत्रिकांपर्यंत ते पोचलेले नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करताना एखादी मुलगी ३५ लिहिते. वहीवर लाल फुली पडते. पण तिला विचारले तर ती सांगते : "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." तिने नियम पाळला आहे, मोठ्यातून लहान वजा करण्याचा. फक्त तो इथे लागू होत नाही. फुलीने तिला कळते की आपण चुकलो. कुठे चुकलो ते कळत नाही. इतिहासात एक धडा राहिला तरी पुढचा वाचता येतो. गणितात हातचा कळला नाही की भागाकार अडतो, अपूर्णांक अडतात, आणि आठवीत बीजगणित येते तेव्हा 'मला गणित जमत नाही' हे तिचे स्वतःविषयीचे मत होऊन बसते. घरात कोणी तरी म्हणते, "आमच्याकडे कुणालाच गणित जमलं नाही," आणि त्या मतावर शिक्का बसतो.

यावर खेळ, गाणी, गणित-जत्रा असे उपाय सुचवले जातात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण शनिवारी जत्रा आणि सोमवारी पुन्हा तीच लाल फुली असेल, तर मूल शनिवार विसरून जाते. पी. के. श्रीनिवासन (१९२४–२००५) यांचे काम म्हणून मला वेगळे वाटते. चेन्नईच्या मुथियालपेट हायस्कुलातले हे गणिताचे शिक्षक. त्यांच्या शाळेत 'नंबर फ्रेंड्स सोसायटी' होती, आणि गणितज्ञ रामानुजनांची पत्रे व आठवणी गोळा करून त्यांनी सिद्ध केलेला स्मृतिग्रंथ १९६८ मध्ये तिथूनच निघाला. मुलांना शोध लावू द्यावा, ही त्यांची रीत. साहित्य कोणते? भिंतीवरचे कॅलेंडर.

कॅलेंडरवर चार तारखांचा चौकोन घ्या : ८, ९ आणि खाली १५, १६. तिरप्या जोड्यांची बेरीज सारखीच, २४. आता गुणाकार करा : ८ × १६ = १२८ आणि ९ × १५ = १३५. फरक ७. दुसरा चौकोन घेतला तरी फरक सातच. का? इथे पहिल्या तारखेला 'क्ष' म्हणण्याची गरज मुलालाच भासते. आणि आठवडा सहा दिवसांचा असता तर? मग फरक सहा येतो. त्या मुलाने आता स्वतःचा प्रश्न विचारला आहे आणि स्वतः तो सोडवला आहे. पाठ केलेल्या शंभर रीतींतून हे समाधान मिळत नाही.

आपल्या देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर असेच आकड्यांशी खेळत असत. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करायचे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. वजाबाकी येणारे कोणतेही मूल तो ताडून पाहू शकते, तरीही तो जगभर पोचला.

रामानुजनांची कथाही आपण नीट सांगायला हवी. देवीचा प्रसाद, दैवी प्रतिभा अशी ती सांगितली की मुलाला कळते एवढेच, की गणित मोजक्यांसाठी असते. एफ. ए. या तेव्हाच्या महाविद्यालयीन परीक्षेत ते नापास झाले होते आणि १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून होते. पण त्यांच्या वह्या उघडून पाहणारी माणसे त्यांना भेटली : भारतीय गणित परिषदेचे संस्थापक आणि डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर, पोर्ट ट्रस्टमधले वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर. त्यांनी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि वही वाचली. प्रोत्साहन यालाच म्हणतात.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची वही वाचायला वेळ कुठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. अभ्यासक्रम संपवण्याचा दबाव असताना त्यांना दोष देणे अन्याय्य ठरेल. म्हणून बदल वरून, प्रश्नपत्रिकेपासून सुरू व्हावा. चुकलेले उत्तर देऊन 'चूक कुठे झाली आणि का?' असा प्रश्न परीक्षा मंडळाने प्रत्येक पेपरात विचारावा. एक प्रश्न असा असावा ज्याला अनेक उत्तरे चालतील. वेगाची कसोटी काढून घ्यावी. विचार करणाऱ्याला पुरेसा वेळ मिळावा. जे परीक्षेत येते तेच वर्गात शिकवले जाते, हा नियम आजवर मुलांच्या विरोधात वापरला गेला. तो त्यांच्या बाजूने वापरता येतो.

पालकांना तर कोणत्याही मंडळाची वाट पाहण्याची गरज नाही. "किती मिळाले?" हा प्रश्न मागे ठेवून "हे तू कसं केलंस?" हे आधी विचारा, आणि उत्तर चुकलेले असले तरी ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. आपला विचार कोणी तरी गांभीर्याने ऐकतो आहे, हे कळलेले मूल अवघड गणितापुढेही बसून राहते.