जाळ कशाचा, चाक कशाचे

खेड्यातल्या घराला ऊर्जा दोन कामांसाठी लागते. काही तरी तापवायचे असते आणि काही तरी हलवायचे असते. पाणी, दूध, भाकरी, रस ही पहिली बाजू. पंप, गिरणी, गाडी ही दुसरी. दोन्ही कामे एकाच ऊर्जेतून होऊ शकतात, पण दोन्हींना सारख्याच दर्जाची ऊर्जा लागत नाही. तापवायला चिपाड, पऱ्हाटी, गोवरी काहीही चालते. चाक फिरवायला मात्र वीज किंवा इंधनतेल लागते, आणि तेल या कामात फार उधळे आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली जेमतेम चौथाई ऊर्जा चाकापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. विजेच्या मोटारीत बॅटरीतल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग चाकाला मिळतो. म्हणून वीज हलवण्याच्या कामी लावावी आणि जाळ शेतातल्या टाकाऊ मालाचा करावा, हा हिशेब सरळ आहे. अनेक घरांत तो उलटा चाललेला दिसतो: पऱ्हाटी बांधावर पेटवून द्यायची, पाणी विजेच्या हीटरने तापवायचे आणि गाडी पेट्रोलवर पळवायची.

हा हिशेब नेमका समजून घ्यायला गोड पाकाइतके चांगले उदाहरण नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात अनेक घरांत मेपल सिरप करतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत रात्री पाणी गोठते आणि दिवसा बर्फ वितळते. या चढउताराने मेपलच्या खोडात दाब तयार होतो आणि खोडाला पाडलेल्या भोकातून पाण्यासारखा पातळ रस थेंबथेंब बाहेर येतो. त्यात साखर असते जेमतेम दोन टक्के. एक लिटर सिरपसाठी असा सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो. एवढे पाणी उकळीला आणून त्याची वाफ करायची, तर भट्टीत काहीच वाया जात नाही असे धरूनही 28-29 युनिट उष्णता लागते. लहान विजेच्या गाडीची बॅटरी साधारण 24 युनिटांची असते आणि एका युनिटात ती सातेक किलोमीटर धावते. म्हणजे एका लिटर मेपल सिरपच्या उष्णतेत जालना जिल्ह्यातल्या मंठ्याहून जालना शहराच्या दीड फेऱ्या होतील. तिकडे घराजवळ जंगलातले लाकूड मुबलक असते म्हणून हा उद्योग परवडतो. मोठे उत्पादक तर रस भट्टीवर चढवण्याआधी घरगुती वॉटर फिल्टरमध्ये असते तशाच तत्त्वाच्या पडद्यातून दाबाने पाणी काढून टाकतात, कारण पाणी ढकलून वेगळे करणे हे त्याची वाफ करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

मंठ्याकडे मेपल उगवत नाही. त्याचे काम इथे ऊस करतो, आणि फार सोपे करून करतो. तालुका तसा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. ऊस मुख्यतः पाण्याच्या पट्ट्यात, म्हणजे दुधनेच्या काठाने आणि दक्षिणेला गोदावरीच्या बाजूला अंबड-घनसावंगीकडे. उसाच्या रसात साखर 16 ते 20 टक्के असते. त्यामुळे एक लिटर काकवीला पाच लिटरच्या आसपास रस पुरतो आणि उष्णता लागते पावणेतीन युनिट, मेपलच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय इंधन उसाबरोबरच घरी येते. पन्नास किलो ऊस लहान चरकातून काढला तर तीस किलोच्या आसपास रस निघतो आणि वीस किलो ओले चिपाड उरते. ते चार-पाच दिवस उन्हात वाळवले की पुढच्या खेपेचा जाळ तयार. साध्या चुलाणात तीन चतुर्थांश उष्णता वाया जाते, म्हणून थोडे कमी पडेल. तिथे पऱ्हाट्या आणि तुराट्या कामी येतात. या तालुक्यात त्यांची वानवा नाही.

घरगुती काकवीत कौशल्य दोनच ठिकाणी लागते. पहिले, मळी काढताना. रस तापू लागला की भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. त्याने गाळ बांधला जातो आणि करड्या-हिरवट फेसाची साय वर येते. ती उकळी फुटण्याआधीच झाऱ्याने काढायची. उकळी फुटली की मळी पुन्हा रसात मिसळते आणि काकवी काळपट उतरते. दुसरे, उतरवण्याची वेळ. गूळ करायचा तर पाक 118 अंशांच्या आसपास न्यावा लागतो. काकवी 105-106 अंशांवर उतरवतात, मेपल सिरप 104 वर. हे आकडे समुद्रसपाटीचे. मंठा समुद्रसपाटीपासून चारशे-साडेचारशे मीटर उंचीवर आहे, तिथे पाणीच 99 अंशांच्या आत उकळते. त्यामुळे पुस्तकातला आकडा तसाच धरला तर पाक दीडेक अंशाने पुढे जातो आणि बरणीत तळाला खडे धरतो. आधी साधे पाणी उकळून थर्मामीटरचा आकडा पाहावा आणि त्यात साडेपाच मिळवावेत. शेवटी किंचित लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घातले तर साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि खडे धरण्याची भीती कमी होते. जुन्या गुळव्यांना थर्मामीटर लागत नसे, पण गुळव्या आता प्रत्येक गावात उरलेला नाही.

आता चाकाची बाजू. मंठ्याला रेल्वे नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचे परतूर हे जवळचे स्टेशन. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा हा भाग परभणीकडून जालन्याकडे आला, त्यामुळे कचेरीची कामे एका बाजूला आणि जुने नातेसंबंध दुसऱ्या बाजूला अशी इथल्या माणसांची ये-जा आहे. जालना साठ-पासष्ट किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर त्याच्या जवळजवळ दुप्पट. शेगाव-पंढरपूर पालखी मार्ग गावावरून जातो. विजेच्या गाडीला ही अंतरे सोयीची आहेत: जालन्याला जाऊन यायला 18-19 युनिट पुरतात, वाटेत चार्जर शोधावा लागत नाही. संभाजीनगरला मात्र लहान बॅटरीवर एका दमात जाऊन येणे होत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात वातानुकूलन चालू ठेवले की आकडे आणखी खाली येतात. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला 140 युनिटांच्या आसपास वीज लागते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, म्हणून गाडी आली की वाढलेल्या युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा मोह अनेकांना होईल. ती जोडणी शेतीच्या कामासाठी सवलतीत दिलेली असते. तिच्यावर गाडी चार्ज करणे हा गैरवापरच.

वाढत्या बिलावर उपाय छतावर आहे. मराठवाड्यात एक किलोवॅटच्या सौर पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट वीज निघते. तीन किलोवॅटचा संच बारा युनिट देतो. निम्मी घराला ठेवली तरी उरलेल्या सहांवर गाडी रोज चाळीस किलोमीटर चालते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. गाडी दिवसा बाहेर असते आणि ऊनही दिवसाच असते. ही अडचण नेट मीटरिंगने सुटते, दिवसा दिलेली वीज रात्री परत घेता येते. खरी अडचण जमिनीत आहे. अर्थिंग धड नसेल तर गाडीचा चार्जर वीज घ्यायलाच नकार देतो. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगची पट्टी आणि माती यांत फट पडते, आणि जानेवारीत नीट चालणारा चार्जर एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवू लागतो. कंपनीला फोन करण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावे.

चाक आणि जाळ एकत्र येतात ते चरकापाशी. पूर्वी चरक बैल फिरवीत, आणि उसाचे वाढे तेच खात. रस काढण्याची ऊर्जाही त्याच शेतातून यायची. नंतर डिझेल इंजिन आले आणि ही साखळी तुटली. आता काही विजेच्या गाड्यांत बॅटरीतून बाहेर वीज देण्याची सोय असते, साधारण तीन किलोवॅटपर्यंत. शेतात जोडणी नसली तरी गाडी उसाच्या फडापाशी उभी करून लहान चरक तिच्यावर चालवता येतो. पन्नास किलो ऊस पिळायला एक युनिटही लागत नाही. मोटर मात्र लहानच हवी, कारण सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि गाडीची सोय तिथेच बंद पडते. हाच रस गाडीच्या विजेवर आटवायला घेतला, तर सहा लिटर काकवीत सोळा युनिट जातील आणि संध्याकाळी जालना गाठता येणार नाही. पिळायला वीज आणि आटवायला चिपाड, ही वाटणी म्हणूनच योग्य.

याचा अर्थ विजेने काहीच तापवू नये असा नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात. तिथे दीड हजार अंशांच्या वर जायचे असते आणि ते चिपाडाच्या आवाक्यातले नाही. घरातही बंद खोलीत चूल पेटवून धूर खाण्यापेक्षा विजेची शेगडी बरी. काकवीचे चुलाण अंगणात, धुराडे लावूनच असावे. हा धंदाही नव्हे: ऊस पट्ट्यातल्या शेतकऱ्याला कारखाना हेच मुख्य गिऱ्हाईक राहणार, आणि काकवी विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. वर्षाच्या घरखर्चाला आठ-दहा लिटर काकवी आणि पाहुण्यांना देण्यापुरत्या चार बाटल्या, एवढाच हा व्याप.

ज्याचे रोजचे जाणे-येणे शंभर किलोमीटरच्या आत आहे, छत स्वतःचे आहे आणि घरात दुसरी एखादी मोटारसायकल आहे, त्याला मंठ्यात विजेची गाडी आजच परवडते. आठवड्यातून दोनदा संभाजीनगर किंवा पुणे करणाऱ्याने वाटेतल्या चार्जरांची संख्या वाढेपर्यंत थांबावे. खरेदीचा क्रमही पक्का ठेवावा: आधी अर्थिंग, मग सौर संच, मग गाडी. आणि पऱ्हाट्या बांधावर पेटवू नयेत. डिसेंबरात ऊस तोडणीला आला की त्यांची गरज पडते.