छेद कोण ठरवतो?

कोर्टात साक्षीदार शपथ घेतो. त्याच्या हातातल्या तक्त्याने शपथ घेतलेली नसते. आणि ज्याने रात्री जागून तो तक्ता केला, तो पोरगा तर कोर्टाची पायरीही चढलेला नसतो. मग त्या तक्त्याने कुणाचा हक्क मारला तर पाप कुणाचे? साक्ष देणाऱ्याचे, पैसे मोजणाऱ्याचे, की तक्ता करणाऱ्याचे? दोस्तांनो, हा प्रश्न आता आपल्या दारात आलाय, म्हणून लिहितो.

अमेरिकेत याच कामाच्या कंपन्या आहेत. मोठा दावा उभा राहिला की दोन्ही बाजू फी देऊन आपापले अर्थतज्ज्ञ आणतात. साक्षीला उभा राहतो एखादा नामवंत प्राध्यापक. त्याच्यामागे कंपनीतली पंचविशीतली पोरं. माहिती गोळा करायची, नुकसान मोजायचं, तक्ते लावायचे, अहवालाचा मसुदा तयार करायचा, हे काम त्यांचं. तासाच्या हिशेबाने बिल लागतं. अहवालावर नाव मात्र प्राध्यापकाचं. २०१० च्या नियमदुरुस्तीपासून तिथल्या केंद्रीय कोर्टांत अशा अहवालांचे कच्चे मसुदे सहसा दुसऱ्या बाजूला मागता येत नाहीत. आधी कोणता आकडा होता आणि नंतर तो कसा बदलला, हे झाकलेलंच राहतं.

आपल्याकडे या धंद्याची नावं वेगळी. कुठे सर्वेक्षण संस्था, कुठे मूल्यांकनकार, कुठे आयोगाची पाहणी. काम तेच, कोर्टात टिकेल असा आकडा उभा करायचा. २००६ च्या नागराज निकालापासून पदोन्नतीतल्या आरक्षणाला आकडेवारीची अट लागली. २०२१ च्या गवळी निकालाने ओबीसींच्या राजकीय आरक्षणालाही ती लागली. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जमिनीच्या वाढीव मोबदल्याचं भांडणही शेवटी आकड्यावरच येऊन थांबतं. हक्क माणसाचा, पण त्याच्या वतीने बोलतो आकडा. आणि हे आकडे करायला आता आपलीही पोरं बसायला लागलीत. नागसेनवनात शिकलेली, अर्थशास्त्रात एम. ए. झालेली, घरात पहिला पगार आणणारी.

आकड्याने फसवायला खोटं बोलावंच लागतं असं नाही. नुसता छेद निवडला तरी पुरतं. मराठा आरक्षणाचा खटला बघा. सरकारी नोकऱ्यांत मराठा किती, हे मोजताना न्यायमूर्ती गायकवाड आयोगाने मंजूर पदांची एकूण संख्या छेदात धरली. प्रमाण कमी निघालं. ५ मे २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने छेद बदलला. खुल्या प्रवर्गातली भरलेली पदं धरली. ‘अ’ वर्गात ३३.२३ टक्के, ‘ड’ वर्गात ३६.५३ टक्के निघाले. न्यायालय म्हणालं, हे प्रतिनिधित्व पुरेसं आहे. कायदा रद्द होण्याच्या कारणांत हेही एक होतं. यात कोण बरोबर, तो वाद वेगळा आहे. आपण एवढंच ध्यानात घ्यायचं की भागाकाराच्या रेघेखाली काय लिहायचं, हे आधी कुणीतरी ठरवतो. तिथेच अर्धा निकाल लागलेला असतो.

बाबासाहेबांनी ही लढाई फार आधी लढली. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्य किती, हाच वाद होता. व्याख्या आवळली की आमची माणसं आकड्यातून गळत होती, आणि काही प्रांतांत तर अस्पृश्य जवळपास नाहीतच असं म्हणण्यापर्यंत मजल गेली. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. त्यांनी वेगळं टिपण दिलं. ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे रुपयावर साक्ष दिलेले. आकडा निर्जीव नसतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

कुणी म्हणेल, वकीलही एकाच बाजूचा असतो. बाबासाहेबही फी घेऊन वकिली करत. मग अर्थशास्त्रवाल्यानेच सोवळं का पाळायचं? याचं उत्तर सोपं आहे. वकील अंगावर काळा कोट घालून उभा राहतो. तो एका बाजूचा आहे हे न्यायाधीशालाही ठाऊक असतं. आकड्याला कोट नसतो. तो सत्याच्या कपड्यात येतो. म्हणून तर इंग्लंडच्या दिवाणी नियमांत लिहिलंय की तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाशी आहे, आणि पैसे देणाऱ्याशी असलेल्या बांधिलकीपेक्षा ते वरचढ आहे.

पण तज्ज्ञावरचं हे बंधन तक्ता करणाऱ्या पोरापर्यंत पोचतं का? तो म्हणतो, ‘माझं नाव कुठं आहे? साहेबांनी सांगितलं, मी केलं.’ गड्या, बिननावाने राबणं आपल्या बापजाद्यांना नवं नाही. पण त्यांच्यापुढे निवड नव्हती. तुझ्यापुढे थोडी आहे. दोन छेद समोर असताना एक उचलणारा हात तुझा आहे.

आणि त्या छेदातून कोण बाहेर पडतं? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात नावावर जमीन नसलेलं मजुराचं कुटुंबही ‘बाधित कुटुंब’ धरलंय. तीन वर्षं तिथे राबलेलं हवं आणि पोट त्याच कामावर हवं. पण पाहणीवाला सातबारा बघून परतला, तर ते कुटुंब तक्त्यात येतच नाही. गायरान कसणाऱ्याचंही तेच. १९९१ च्या शासन निर्णयाने जुनी अतिक्रमणं नियमित करायची ठरली, पण दंडाची पावती नाही, पीकपाहणीत नोंद नाही, तर इतकी वर्षं कसलेलं शेत कागदावर पडीक. बेरीज बरोबर आणि माणूस गायब.

नोकरी सोड, असं मी कुणाला सांगणार नाही. ज्याच्या पगारावर पाच माणसं जेवतात त्याला हुतात्मा व्हायला सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याला. मागणं एवढंच आहे. जो छेद घेतला तो लिही. जो टाकला तोही लिही आणि का टाकला ते लिही. कोण मोजायचं राहिलं, याची एक ओळ तक्त्याखाली टाक. साहेबाने ती खोडली, तर खोडणारा हात त्याचा राहील.

आणि जे असल्या नोकरीत नाहीत त्यांनी वस्तीवर अंश आणि छेद शिकवावा. टक्का सांगणारा कुणीही आला, सरकारचा, कंपनीचा किंवा आपल्याच पुढाऱ्याचा, तर म्हातारीनेही विचारलं पाहिजे, ‘बाबा, कितीपैकी?’