नळदुर्गची भरती

आमच्या नळदुर्गला समुद्र नाही. कोकणातले पाहुणे आले की ही उणीव अशा सुरात दाखवतात, जणू तो आम्हीच कुठेतरी हरवला! मग आम्ही त्यांना किल्ल्यात नेतो. बोरी नदीवरचा बंधारा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात त्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल, सगळे दाखवतो. पाहुणे मान डोलावतात आणि म्हणतात, "छान आहे हो, पण भरती-ओहोटी नाही!"

आहे, बरे का! चंद्र काही नुसते पाणीच ओढत नाही, जमीनही ओढतो. उपळी बुरूज, एस.टी. स्टँड आणि स्टँडवरच्या म्हशींसकट अख्खे नळदुर्ग दिवसातून दोनदा साधारण फूटभर वर जाते आणि खाली येते. थाप वाटेल, पण जिनिव्हाजवळ २७ किलोमीटर घेराचे एक यंत्र होते. चंद्रापायी त्याचा घेर मिलिमीटरभर कमी-जास्त होतो, असे १९९२ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले.

मग आम्हाला कळत कसे नाही? कारण आपले घर चढते तेव्हा शेजाऱ्याचेही चढते. समुद्र जमिनीहून वेगळा चढतो, म्हणून किनाऱ्यावर दिसतो.

मुळात भरती येते तीच फरकामुळे. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पट जोराने ओढतो. पण भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. तो इतका लांब, की पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच ओढतो. चंद्र जवळचा. अलीकडचे पाणी तो जास्त ओढतो, पलीकडचे कमी. म्हणून एक पुढे फुगते, दुसरे मागे राहून फुगते. सर्वांना सारखे वागवणाऱ्याचे नाव कुठे निघते?

आमच्या गल्लीतही हाच न्याय. पहिला फोन एका घरी आला तेव्हा त्या घराने पेढे वाटले आणि बाकीच्यांना ते कडू लागले. पुढे सगळ्या घरांत एकदमच नळ आले. कोणी साखरसुद्धा वाटली नाही. मला वाटू लागले, सुख म्हणजे नुसता फरकच की काय? सगळ्यांचे भले झाले तर ते कोणाचेच झाले नाही?

हे तत्त्वज्ञान मी आईला ऐकवले. तिने जन्मभर नदीवरून हंडे वाहिले होते. ती म्हणाली, "शेजारणीचाबी हंडा उतरला, म्हणून माझी मान हलकी झालीच न्हाई व्हय रे?"

न्यूटनने १६८७ साली भरतीचे कारण सांगितले. पण कोण किती वर आले, हे शेजारच्या भिंतीवर नव्हे, आपल्याच मानेवर मोजायचे असते, हे सांगायला आमची आईच लागली.