रस्त्यावरचा मृत्यू आणि नगराचे दायित्व

पायी किंवा सायकलवरून जाणारा माणूस मोटारीखाली सापडून मेला, तर त्या मृत्यूचे दायित्व कोणाचे? अमेरिकेतल्या शहरांपुढे नीतिशास्त्रातला हा प्रश्न आता अनुदानाच्या अर्जातून येतो. नोव्हेंबर २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने ‘सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल’ ही योजना आणली आणि २०२२ ते २०२६ या पाच वर्षांसाठी तिला ५ अब्ज डॉलर दिले. पदपथ, सायकलमार्ग, रस्ता ओलांडण्याच्या सुरक्षित जागा अशा कामांसाठी शहरे तिच्यात अर्ज करतात. खर्चाचा जास्तीत जास्त ८० टक्के वाटा संघीय सरकार उचलते. योजनेची निकड आकड्यांतच आहे. २००९ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर ४,१००च्या आसपास पादचारी मेले. २०२२ साली ही संख्या ७,५००च्या वर गेली.

योजनेच्या पहिल्या वर्षी अर्जदार शहराला आपल्या हद्दीतल्या पाच वर्षांच्या रस्तेबळींची संख्या द्यावी लागली. पैसा जिथे प्राण जातात तिथे जावा, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तरी त्यातून एक अवघड प्रश्न निघतो : धोका सिद्ध करायला आधी कोणाला मरावे लागते काय? वाहतूक अभियांत्रिकीत ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या वाहतूक नियंत्रणाच्या २००९च्या राष्ट्रीय नियमपुस्तकात चौकात सिग्नल बसवण्यासाठी काही कसोट्या होत्या. एका कसोटीनुसार, सिग्नलने टळू शकले असते असे पाच अपघात बारा महिन्यांत झालेले असावेत. दुसरी कसोटी पादचाऱ्यांची. वाहनांची वर्दळ कितीही असली, तरी चार वेगवेगळ्या तासांत दर तासाला किमान १०७ माणसे रस्ता ओलांडताना मोजली जावीत, अशी तिची सर्वसाधारण अट होती. पण सहा पदरी रस्ता इतका भयंकर असेल की आईबाप मुलांना पलीकडे पाठवतच नाहीत आणि म्हातारी माणसे घराबाहेर पडत नाहीत, तर तिथे मोजायला पादचारी सापडणार नाहीत, बळीही सापडणार नाहीत. जिथे भीतीने चालणेच थांबवले आहे, तो रस्ता कागदावर सुरक्षित ठरतो.

आधी कोणाला मरावे लागते काय, या प्रश्नाला यहुदी धर्मपरंपरेत फार जुने उत्तर आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा घालण्याची आज्ञा आहे. कठड्याअभावी कोणी पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागतो. कर्तव्य सुरू होते ते घर बांधताना. कोणी पडेपर्यंत वाट पाहण्याची मुभा मालकाला नाही. बाराव्या शतकातला धर्मशास्त्री मायमोनिडीज याने ही आज्ञा विहिरी-खड्ड्यांना आणि जिवाला घातक अशा प्रत्येक गोष्टीला लावली.

त्याच पुस्तकाच्या २१व्या अध्यायातला विधी अधिक खोल जातो. रानात मारलेल्या माणसाचे प्रेत सापडले आणि मारेकरी कळला नाही, तर जवळचे नगर कोणते ते अंतर मोजून ठरवायचे. त्या नगराच्या वडीलधाऱ्यांनी हात धुऊन, हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही, असे जाहीर करायचे. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातल्या आचार्यांनी विचारले : वडीलधारे खुनी आहेत असे कोणाच्या मनात तरी येईल काय? मग ही घोषणा कशासाठी? त्यांनी लावलेला अर्थ असा की, तो माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला अन्नावाचून, सोबतीवाचून वाटेला लावले असे घडलेले नाही, याची ती ग्वाही आहे. वाटसरूला एकटे सोडणे हाही दोषच ठरला. खून कोणी केला याचा शोध आणि नगराने काय केले नाही याचा जाब, या इथे वेगळ्या गोष्टी आहेत. आधुनिक अपघाताच्या चौकशीत पहिलीच बहुधा होते : चालक कसा चालवत होता, पादचारी कुठून ओलांडत होता, एवढे लिहिले की कागद मिटतो.

उपयुक्ततावादाचा आक्षेप इथे दुर्लक्षून चालत नाही. पैसा मर्यादित आहे. सगळीकडे कठडे घालता येत नसतील, तर अधिकाधिक प्राण कुठे वाचतील याचा हिशोब करावाच लागतो, आणि मागचे मृत्यू हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा असतो. अडचण हिशोबात काय धरले जाते तिथे आहे. अमेरिकी परिवहन खात्याच्या लाभ-खर्च मांडणीत २०२३च्या सुमारास एक मृत्यू टळण्याचे मूल्य १.३२ कोटी डॉलर आणि प्रवाशाच्या एका तासाचे सुमारे २० डॉलर धरले जाई. रोज ३०,००० लोकांना प्रत्येकी १० सेकंद जास्त थांबावे लागले, तर या दराने साधारण २२ वर्षांत सेकंदांची बेरीज एका जिवाच्या किमतीला पोचते. तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला होता : ज्याला किंमत आहे त्याच्या बदल्यात दुसरे काही घेता येते, माणसाच्या बाबतीत तशी अदलाबदल होत नाही. कोणा एकाचीही सेकंदे मृत्यूइतकी जड नसताना त्यांची बेरीज करून मृत्यूशी तोलणे, हा या मांडणीतला सर्वांत दुबळा दुवा आहे.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ धोरण स्वीकारून हा तराजूच नाकारला. माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाही असा रस्ता बांधणे हे बांधणाऱ्याचे पहिले दायित्व, असे त्याचे तत्त्व आहे. जिथे पादचारी आणि मोटारी एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटर ही वेगाची मर्यादा माणसाच्या हाडामांसाच्या सहनशक्तीवरून येते. याच वाटेने गेलेल्या नॉर्वेतल्या ऑस्लोत २०१९ मध्ये एकही पादचारी वा सायकलस्वार रस्त्यावर मेला नाही. अमेरिकी योजनेतही शून्य बळींच्या दिशेने लक्ष्य जाहीर करणे हा कृती आराखड्याचा एक घटक धरला गेला, आणि आराखडा बनवण्यासाठी वेगळे अनुदान ठेवले गेले.

तरीही अनुदान स्पर्धेने मिळते. अर्ज लिहिणारे कुशल कर्मचारी आणि २० टक्के स्वतःचा वाटा ज्या शहराकडे नाही, ते मागे राहते. तिथल्या रहिवाशाचा जीव मात्र कमी मोलाचा नसतो. आपण कोणत्या शहरात जन्मणार हे ठाऊक नसताना नियम ठरवायचे, ही तत्त्वज्ञ रॉल्सची कसोटी लावली तर ही वाटणी टिकत नाही. त्याच वेळी अर्ज नाकारला गेल्याने नगराचे दायित्वही संपत नाही. वाहनांना हिरवा दिवा लागण्याआधी पादचाऱ्यांना तीन ते सात सेकंदांची आघाडी देणे, चौकाच्या तोंडाशी गाड्या उभ्या करण्यास मनाई करून नजर मोकळी करणे, आपल्या अखत्यारीतल्या गल्ल्यांत वेगमर्यादा उतरवणे, या गोष्टी थोड्या खर्चात होतात, आणि त्यांच्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.